कोकणात जुनी डिझेल पिकअप घेताय? या चुका टाळा

रोजच्या वापराला आणि होडीचा ट्रेलर ओढायला जुनी पिकअप घ्यायची, तर साल आणि किलोमीटर सगळेच विचारतात. कोकणात त्याआधी विचारायचं ते हे: गाडीने आजवर काय वाहिलं?

मासळीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून चासीवर गळत राहतं आणि गंज आतून, पोकळ भागात धरतो. खाली ताजा काळा रंग दिसला की संशय घ्यावा. पावसाळ्यापूर्वी रंग मारणं वेगळं, गिऱ्हाईक येणार म्हणून मारणं वेगळं. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबर, म्हणजे चासीचे आडवे बार, छोट्या हातोडीने वाजवून बघा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर चहा घ्या आणि निघा. ब्रेकचे पाइप मात्र नुसते डोळ्यांनी, टॉर्च मारून बघा.

जांभ्या दगडाचे चिरे वाहिलेली गाडी जादा टाकलेल्या पाट्यावरून, झुकलेल्या हौद्यावरून ओळखू येते. चासीला वेल्डिंग असेल तर तिला होडीचा ट्रेलर जोडायचा विचारही नको. आंब्याची गाडी रात्री-बेरात्री वाशीच्या घाऊक बाजाराला पळालेली असते, पण ते किलोमीटर हायवेचे. तिघींत मी तीच निवडेन. मीटरपेक्षा पेडलचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं.

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर आला तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तापल्यावरही पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे बघा.

चाचणी सपाट रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. कुंभार्ली किंवा करूळ घाट जवळ असेल तर तिथे न्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, तेव्हा खालच्या गिअरमध्येच उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापून धरेनासे होतात.

हौद्यात टनभर माल बसतो म्हणून गाडी तेवढंच ओढेल, असं नाही. ओढायची क्षमता कंपनीच्या पुस्तकात वेगळी बघा. हुक बंपरला नको, चासीला हवा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० टक्के भार हुकावर हवा, नाहीतर ट्रेलर शेपटासारखा हलतो. होडी पाण्यात सोडताना मागची चाकं खाऱ्या पाण्यात गेली, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि बेअरिंगचं ग्रीस तपासा.

रोजच्या वापरात रिकामी पिकअप उसळते आणि पावसात मागची चाकं घसरतात. वाळूच्या दोन-चार गोणी हौद्यात बांधून ठेवल्या की बराच फरक पडतो.

मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. ट्रेलरलाही स्वतःचं आरसी लागतं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात येईपर्यंत इसाराच्या वर एक रुपयाही देऊ नका.