फोनमधून फाईल देताना या चुका टाळा: एका झेरॉक्सवाल्याची कटकट

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या दुकानात चहा प्यायलाही फुरसत नसते. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार, सगळं पोरांच्या फोनमध्ये आणि प्रिंट निघणार माझ्या कॉम्प्युटरवरून. मध्ये अंतर चार फुटांचं. तेवढं पार करताना लोक जे उद्योग करतात, ते बघून बघून मला वीट आलाय.

पहिला मान व्हॉट्सॲप वेबचा. "काका, पटकन उघडा ना!" क्यूआर स्कॅन करायचा, स्वतःलाच पाठवलेली पीडीएफ उतरवायची, प्रिंट घ्यायची आणि पळायचं. लॉगआउट कोण करणार? काका.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी अशीच बस गाठायला पळाली. मीही घाईत होतो, टॅब मागे तसाच राहिला. संध्याकाळी एक गृहस्थ लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत स्क्रीनकडे बघत उभे होते आणि कोपऱ्यात टुणटुण निरोप यायला लागले. 'डॉक्टर काय म्हणाले?' 'बाबांना अजून सांगू नकोस.' गृहस्थ त्याच मुलीच्या गल्लीतले! मी हात लांब करून मॉनिटरच बंद केला, लाइट गेल्यासारखं तोंड केलं. ते गेल्यावर तिचं खातं बंद केलं. दोन दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ही जोडणी आपोआप सुटते म्हणे. पण १४ दिवस फोनला हात न लावणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून काउंटरवरून हलायच्या आत फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि आमचा कॉम्प्युटर तिथून काढून टाका. मी आता इनकॉग्निटो विंडोशिवाय (जी बंद केली की लॉगइन विसरते) व्हॉट्सॲप वेब उघडत नाही. "घरी जाऊन करतो" म्हणणाऱ्याचे सुटे पैसे मी जरा सावकाश मोजतो.

मग वापरायचं काय? अँड्रॉइडवाल्यांसाठी क्विक शेअर, म्हणजे जवळच्या उपकरणाला थेट फाईल पाठवायची सोय. पूर्वी याला निअरबाय शेअर म्हणायचे, २०२४ मध्ये ते आणि सॅमसंगचं क्विक शेअर एक झाले. विंडोजसाठीही ॲप आहे. ब्लूटूथवर दोन उपकरणं एकमेकांना हुडकतात आणि फाईल सहसा थेट वाय-फायवरून, कुलूपबंद जाते. डेटा पॅकही खर्च होत नाही.

इथे मात्र मी स्वतः तोंडावर पडलोय. एका मुलाच्या वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून त्याच्या फोनवर पाठवायचा होता. यादीत एकाच मॉडेलच्या नावाचे दोन फोन. मी वरच्यावर क्लिक केलं. तो निघाला बाकावर बसलेल्या दुसऱ्याच पोराचा, आणि त्याने काय आलंय हे न बघता 'ॲक्सेप्ट' दाबलं. समोर आलेलं प्रत्येक बटण दाबायची सवयच आहे या पिढीला. वर मोठ्याने म्हणतो, "काका, हे साठ हजार कोणाचे?" दुकानात सातजण होते. ज्याचा दाखला होता तो खाली मान घालून उभा.

तेव्हापासून मी फोनला स्वतःचं नाव द्यायला लावतो. सेटिंगमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नाव आडनावासकट नको, 'निळी छत्री' चालेल. पाठवताना दोन्हीकडे पिन दिसतो, तो मोठ्याने वाचून घेतो. जुळला तरच 'ॲक्सेप्ट'. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

क्विक शेअरमध्ये तुमचा फोन कोणाला दिसावा ही सेटिंग 'सर्वांना' अशी कायम ठेवू नका. १० मिनिटांची मुदत असते, ती कामापुरती पुरते. आयफोनच्या एअरड्रॉपमध्येही आयओएस १६.२ पासून 'सर्वांना' १० मिनिटांपुरतंच आहे. ती मुदत उगाच घातलेली नाही. उघडं ठेवलंत तर एसटीत शेजारचा कोणी टारगट नको ते फोटो पाठवेल.

आयफोन घेऊन येऊन "एअरड्रॉप करतो" म्हणू नका. माझा कॉम्प्युटर विंडोजचा आहे. केबल आणा, नाहीतर एकाच वाय-फायवर राहून लोकलसेंड हे फाईल पाठवायचं ॲप वापरा. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर ते बहुधा चालणार नाही, कारण तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

शेअरइट आणि झेंडर या फाईल पाठवायच्या ॲप्सवर भारतात जून २०२० मध्येच बंदी आली, ५९ ॲप्सच्या यादीत. तरी कुठून तरी एपीके (ॲप टाकायची सुटी फाईल) आणून टाकणारे भेटतात. त्यांना मी नुसता नमस्कार करतो.

नुसत्या ब्लूटूथवरून १ जीबीचा व्हिडिओ पाठवायचा असेल तर डबा घेऊन या, तासाभराहून जास्त लागेल.

क्विक शेअरच्या यादीत फोन दिसतच नसेल तर आधी वाय-फाय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू आहे का बघा, मग व्हीपीएन बंद करा. दहापैकी आठ वेळा रोग तिथेच असतो. विंडोजवरचं क्विक शेअर अपडेट ठेवा. २०२४ मध्ये संशोधकांनी क्विक शेअरमध्ये १० त्रुटी दाखवल्या होत्या, बहुतेक विंडोजवरच्या, आणि काही एकत्र जोडल्या तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता.

हॉटस्पॉट देऊन फाईल पाठवणारे वेगळेच. पासवर्ड १२३४५६७८. माझा कॉम्प्युटर तो लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही दारात आलात की आपोआप जोडला जातो आणि विंडोजचं अपडेट तुमच्या पॅकवर उतरवतो. असं एकाचं १.५ जीबी संपलं, भांडला माझ्याशी. काम झालं की मला ते नेटवर्क 'विसरायला' सांगा.

आणि डाउनलोड्सचा फोल्डर! प्रिंट हातात आली तरी फाईल माझ्याकडेच असते. समोर उभं राहून पुसून घ्या, रिसायकल बिनसुद्धा. मी रविवारी साफ करतो, पण तोपर्यंत आठवडा जातो. गेल्या रविवारी तिथे 'आधार फायनल' नावाच्या अकरा फाईली होत्या, अकरा वेगवेगळ्या माणसांच्या.