बाबांना उठवताना हात ओढू नका

लकव्याचा झटका येऊन गेला, जिवावरचं टळलं, आयसीयूतून वॉर्डात आणलं आणि डॉक्टर म्हणाले, आता फिजिओ सुरू करू. इथून पुढचं अर्धं काम घरच्यांचं असतं. इंदूरचं एमवाय (सरकारी रुग्णालय) असो की खासगी दवाखाना, फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा, फार तर दोनदा येणार, अर्धा-पाऊण तास काम करून घेणार. बाकीचा सगळा दिवस आणि रात्र बाबा तुमच्या हाती. त्या वेळात ते कसे झोपतात, कसे उठतात, घोटभर पाणी कसं पितात, यावर पुढची प्रगती ठरते. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते. त्यानंतरही होते, पण हळू. म्हणून सुरुवातीचे आठवडे "आत्ता आराम करू द्या, घरी गेल्यावर बघू" म्हणून घालवू नयेत.

पहिल्याच दिवशी एक शंभर पानी वही आणा. रात्रीच्या पाळीला दादा, सकाळी वहिनी, दुपारी आई असे अटेंडर बदलत असतात आणि निरोप मधल्यामधे हरवतात. वहीत वेळ घालून लिहायचं: कुशी कधी बदलली, किती चमचे खाल्लं, लघवी-शौच, बीपी, कोणती गोळी दिली, फिजिओने नवीन काय सांगितलं. थेरपिस्टची परवानगी घेऊन प्रत्येक व्यायामाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ करून ठेवा. तोंडी सांगितलेला व्यायाम तिसऱ्या माणसापर्यंत पोचेतो वेगळाच झालेला असतो.

खांदा आधी सांभाळा

लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि नुसत्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो. अशा वेळी कोणी प्रेमानं हात धरून वर ओढलं, किंवा काखेत हात घालून उचललं, की आतल्या शिरा आणि स्नायू दुखावतात. पुढे महिनोन्‌महिने खांदा दुखतो आणि दुखतो म्हणून बाबा व्यायाम टाळतात. हात परत येण्याची संधी अशी वाया जाते. कमजोर हात कधीही ओढायचा नाही. हलवायचा असेल तर एक हात कोपराखाली आणि एक मनगटाखाली, असा खालून आधार देऊन हलवायचा. बसले असताना हात लोंबकळता ठेवू नका. मांडीवर उशी ठेवून त्यावर किंवा समोरच्या टेबलावर तो पूर्ण टेकलेला हवा. उभं राहताना आणि चालताना झोळी वापरायची की नाही ते थेरपिस्टला विचारा. दिवसभर झोळीत ठेवलेला हात आखडतो.

दाराला दोरी आणि पुली लावून हात वर ओढायचा व्यायाम अनेक घरांत आपल्या मनानेच सुरू होतो. या खांद्याला तो नकोच. स्पंजचा चेंडू दाबत बसवण्याचंही तसंच. बहुतेकांची बोटं आधीच मुठीकडे ओढ घेत असतात, खरी अडचण मूठ उघडण्याची असते. थेरपिस्टने सांगितल्याशिवाय चेंडू देऊ नये.

झोपवण्यासाठी चार-पाच उशा लागतात. दवाखान्यात एकच मिळते, बाकीच्या घरून न्या. कमजोर कुशीवर झोपवताना तो खांदा हलकेच पुढे काढून घ्यायचा, म्हणजे अंगाचं वजन खांद्याच्या टोकावर येत नाही. कोपर सरळ, तळवा वर, पाठीमागे उशी, आणि चांगला पाय गुडघ्यात वाकवून पुढच्या उशीवर. चांगल्या कुशीवर झोपवलं तर कमजोर हात छातीसमोर उशीवर खांद्याच्या उंचीला आणि कमजोर पायाखाली दुसरी उशी. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, घोटे आणि कुल्ल्याची हाडं बघायची. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिला, तर तिथे जखम सुरू होते आहे. लगेच नर्सला दाखवा आणि त्या बाजूवर भार देऊ नका. डाग चोळू नका.

कमजोर बाजूची जाणीव कमी झालेली असते. त्यामुळे त्या हातापायाला गरम पाण्याची पिशवी लावणं धोक्याचं आहे. भाजलेलं बाबांना कळत नाही, तुम्हाला फोड आल्यावर कळतं. मालिश करायचीच असेल तर हलक्या हाताने. पण पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली तर त्या पायाला हातही न लावता डॉक्टरांना सांगा. आत रक्ताची गाठ असू शकते.

पलंगावरून खुर्चीत

ही कृती दवाखान्यातच, थेरपिस्टच्या देखत, घरातल्या किमान दोघांनी पाच-सहा वेळा करून बघावी. आधी पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर दोन-तीन मिनिटं बसवा. झोपल्यानंतर एकदम उभं केलं तर बीपी उतरतं आणि चक्कर येते. खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरपी. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावलेले आणि पावदान वर दुमडलेलं. पायात सपाता नकोत, मागून बंद असलेले चपट्या तळाचे बूट हवेत, वेलक्रोचे असतील तर उत्तम. मग बाबांना काठाकडे सरकवा, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या आणि त्यांना पुढे झुकू द्या, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर यावं. लोक इथेच चुकतात. माणसाला सरळ वर उचलू पाहतात, तो मागे रेलतो आणि सगळा भार उचलणाऱ्याच्या कंबरेवर येतो. बाबा पुढे झुकले की बूड आपोआप उचलतं. तुम्ही समोर, कमजोर बाजूला उभे राहा, आपल्या गुडघ्याने त्यांचा कमजोर गुडघा वळू न देता अडवा आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरा. पायजम्याच्या नाडीला धरू नका, आणि त्यांना तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. एक, दोन, तीन म्हणा आणि तीनला त्यांनीच जोर लावायचा. ते जेवढं करू शकतात त्याच्या वरचीच भर तुम्ही घाला.

हा नियम सगळीकडे लावा. शर्टाची बटणं, दाढी, दात घासणं, घास तोंडात घालणं. तुम्ही केलं तर दोन मिनिटांत होतं, त्यांनी केलं तर वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटंच रिहॅब असतात. शर्ट घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी. व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. लकव्यानंतरचा थकवा खरा असतो, त्याला आळस म्हणू नका. उन्हाळ्यात इंदूरची दुपार चाळिशीपार जाते, तेव्हा जड व्यायाम सकाळी आठपर्यंत आटपून घ्या. आणि त्यांच्यासमोर "लुळा हात" म्हणू नये. "डावा हात" म्हणावं.

घास आणि घोट

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही. घोटभर पाणी नाही, प्रसादाचा दाणासुद्धा नाही. गिळणं बिघडलेलं असलं की पाणी, चहा, ताक हे पातळ पदार्थच सगळ्यात आधी श्वासनलिकेत जातात. कधी कधी ठसकाही लागत नाही आणि दोन दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया कळतो. पाणी किती घट्ट करायचं, पावडर किती घालायची, हे गिळणं तपासणारा थेरपिस्ट सांगेल तेवढंच.

भेटायला येणारे मात्र पोहे आणतात. वर शेव, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, शेजारी जिलबी. इंदूरकरांच्या मायेची ही रीतच आहे, आणि या आजारात याहून अवघड घास नाही. पोह्यांचे दाणे तोंडात सुटे होतात, शेवेचे तुकडे घशात अडकतात, जिलबीचा पाक आधी खाली जातो आणि चोथा तोंडात राहतो. वरण-भातातही हाच धोका: पातळ वरण पुढे निसटतं, शितं मागे राहतात. त्याऐवजी घोटलेला गुरगुट्या भात, मुगाची आसट खिचडी चांगली घोटून, घट्ट दही, गाठी न ठेवलेला दलिया. सगळं एकजीव हवं. भेटायला येणाऱ्यांना प्रेमानेच सांगा की पोहे आईला द्या, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.

भरवताना बाबा ताठ बसलेले हवेत. चहाचा चमचा, अर्धा भरलेला, तोंडाच्या चांगल्या बाजूने. कंठ वर जाऊन खाली आला की घास गेला. मगच पुढचा. मधूनमधून "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर थांबा, खाकरायला सांगा. टीव्ही बंद, गप्पा बंद. शेवटी कमजोर बाजूच्या गालात अडकलेलं अन्न बोटाला कापड गुंडाळून काढा आणि त्यानंतर अर्धा तास आडवं करू नका. दात आणि जीभ दिवसातून दोनदा साफ हवी, कवळी असेल तर तीही.

नाकातून नळी असेल तर फीड देण्याआधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघा, डोकं निदान तीस अंश वर ठेवा, फीड सिरिंजने ढकलू नका, वरून आपोआप उतरू द्या. आधी आणि नंतर वीस-तीस मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. खूण सरकलेली दिसली तर फीड न देता नर्सला बोलवा. गोळ्या कुटण्याआधी केमिस्टला विचारा, काही गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम सुटतं.

बोलणं

बोलणं सुधारून घेणारा थेरपिस्ट इंदुरात बहुधा हिंदीत बोलणार आणि बाबांचं घरचं बोलणं मराठी. मेंदूच्या भाषेच्या भागाला इजा झाली की दोन्ही भाषांना फटका बसू शकतो, पण दोन्ही सारख्याच वेगाने परत येतील असं नसतं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा की घरी मराठी बोलतो, दुकानात-ऑफिसात हिंदी. बाबांच्या रोजच्या वापरातले चाळीसेक शब्द लिहून द्या: पाणी, लघवी, दुखतंय, चष्मा, नको, घरातल्यांची नावं. "जेवायचंय का?" असा हो-नाहीचा एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत वाट बघा. शब्द शोधायला त्यांना तेवढा वेळ लागतो. चौघांनी चार शब्द सुचवले की सापडत आलेला शब्दही निसटतो. मोठ्याने बोलू नका, ऐकू येतं त्यांना. आणि ते खोलीत असताना त्यांच्याबद्दल आपसात बोलू नका. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं मुळीच नाही.

अचानक रडू येणं, कारण नसताना हसू येणं, हेही या आजारात होतं. ते वेगळं, आणि दिवसेंदिवस गप्प होणं, खाणं सोडणं, व्यायामाला नको म्हणणं वेगळं. लकव्यानंतर साधारण दर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येतं, थकलेल्या अटेंडरलासुद्धा. एकट्या आईवर किंवा एकट्या सुनेवर सगळं टाकलेलं घर दुसऱ्या महिन्यात कोलमडतं. पाळ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

छुट्टीच्या आधी

घरी जायच्या चार दिवस आधी कोणीतरी टेप घेऊन घर मोजावं. व्हीलचेअर साधारण दोन फूट किंवा त्याहून जास्त रुंद असते आणि रामबाग, जुनी इंदूर भागातल्या जुन्या घरांत बाथरूमचं दार तेवढंच किंवा कमी असतं. दार बदलता येत नसेल तर कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा. पलंग एवढा उंच हवा की बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकावीत. आधाराचा दांडा भिंतीत पक्का रोवलेला हवा, टॉवेलची दांडी धरली तर उखडून हातात येते. पायपुसणी, सुटे गालिचे उचला, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, आणि मदतनीस नेहमी खालच्या बाजूला. लघवीची पिशवी कमरेच्या वर कधी न्यायची नाही, जमिनीवरही ठेवायची नाही. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वेगळे ठेवा आणि नगर निगमच्या गाडीत सॅनिटरी कचऱ्याच्या कप्प्यात द्या.

कागदांत डिस्चार्ज समरी, एमआरआयची सीडी आणि गोळ्यांची वेळेसकट यादी हवी. बीपी किती असावं आणि पुढची तारीख कोणती, ते लिहूनच घ्या. बाबा सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि दवाखान्यात भरती असतानाच्या उपचारांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. बरं वाटतंय म्हणून बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर उतरेल म्हणून वाट बघायची नाही, कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास तुम्हाला लक्षात आल्यापासून नाही, बाबा शेवटचे नीट दिसले तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला धडधाकट झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर डॉक्टरांना सांगायची वेळ दहा.