जर्मन ‘नोटगेल्ड’ नाणी जमवताय? या चुका टाळा

पहिल्या महायुद्धात जर्मनीचं तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे वळलं आणि बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. मग शेकडो शहरांनी 5, 10, 50 फेनिगची (100 फेनिग म्हणजे 1 मार्क) आपापली नाणी जस्त, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये पाडून घेतली. हाच ‘नोटगेल्ड’, म्हणजे अडचणीच्या काळातला पैसा. ही नाणी आजही स्वस्तात मिळतात, पण नीट हाताळली नाहीत तर लवकर खराब होतात.

धातू न ओळखताच हात लावणं ही पहिली चूक. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर वजन बघा: त्याच आकाराचं जस्ताचं नाणं अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड भरतं. घनता मोजायला पाण्यात बुडवण्याची गरज नाही.

सर्वाधिक नाणी साफसफाईत जातात. तांब्याच्या भांड्यासारखी चिंच किंवा लिंबू जस्ताला लावू नका. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळतात आणि अल्कलीतही, म्हणजे व्हिनेगर वर्ज्य आणि धुण्याचा सोडाही वर्ज्य. जस्तावरची मंद राखाडी झाक हाच त्याचा संरक्षक थर. तो खरवडला की नाणं थोडे दिवस चमकतं, मग डागाळतं, आणि जाणकार ग्राहक ते हातात घेताच परत ठेवतो. तेलकटपणा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये 5 ते 10 मिनिटं ठेवा (नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही), खिडकी उघडी, आसपास ज्योत नको. मग न पुसता वाळू द्या. सुटी पांढरी भुकटी लाकडी टूथपिकने हलकेच काढा. खाली खड्डा दिसला तर तिथेच थांबा. खाल्लेला धातू परत येत नाही.

लोखंडी नाण्यांवर बऱ्याचदा जस्ताचा पातळ मुलामा असतो. बॉन शहराच्या 1920च्या, संगीतकार बेटहोव्हेनचा चेहरा असलेल्या नाण्यासारख्या लोखंडी नाण्यावर तारेचा ब्रश फिरवला की उठावाचे बारकावे, म्हणजे केसांच्या बटा, आधी जातात. गंज पसरत असेल तर नाणं कोरडं करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत वेगळं ठेवा.

पीव्हीसीची पाकिटं आणि ओक लाकडाचे खण टाळा. दोन्हींतून आम्लधर्मी वाफा निघतात. मायलर (पॉलिस्टर) पाकिटं वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता 50 टक्क्यांखाली राखणं कठीण, म्हणून हवाबंद डबा घ्या आणि सिलिका जेल वेळच्या वेळी बदला.

चिनीमातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माइसन शहरातली 1920-21ची चिनीमातीची नाणी धातूच्या नाण्यांसोबत एका डबीत नकोत, कडांचे टवके उडतात. तपकिरी नाणं बघून नक्कल समजू नका. ते ब्योटगर दगडी माती, म्हणजे माइसनचीच लालसर-तपकिरी भाजलेली माती आहे. माइसन कारखान्याचं, एकमेकांना छेदणाऱ्या दोन तलवारींचं चिन्ह शोधा.

शेवटी लेबल. वेस्टफालिया या जर्मन प्रांताचं 1923चं ‘1 बिलियन मार्क’ टंचाईचं नव्हे, महागाईच्या काळातलं. जर्मन बिलियन म्हणजे शंभर कोटी नव्हे, 1 लाख कोटी! आणि ‘गेफांगेनेनलागर’ लिहिलेलं नाणं शहराचं नसून युद्धकैद्यांच्या छावणीचं असतं. त्याची वेगळी नोंद करा.