रेल्वेत नाहीतर एसटीत सायकल न्यायची कशी, खानदेशातल्या सायकलवाल्यांसाठी

सायकल गाडीत टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो पैसे किती लागतात. पण भो, पैशाचं नंतर बघा, आधी हे बघा की गाडी तुमच्या स्टेशनला थांबते किती वेळ. दोन मिनिटांचा हॉल्ट असेल तर ब्रेकव्हॅनचं, म्हणजे सामानाच्या डब्याचं, दार उघडायचं, आतली पोती सरकवायची, सायकल चढवायची, हे सगळं होईस्तोवर सिग्नल पडलेला असतो, आणि कशीबशी चढवली तरी तिकडच्या स्टेशनला उतरवताना परत तीच धावपळ. त्यामुळे गाडी फास्ट आहे का, डबे नवीन आहेत का हे सोडा, जी तुमच्या स्टेशनातूनच सुटते नाहीतर जिथे बराच वेळ उभी राहते ती गाडी आपली.

आपल्याकडे याचं सोपं उत्तर म्हणजे भुसावळ. रेल्वेच्या डिव्हिजनचं मुख्य ठिकाण, पार्सल ऑफिस मोठं, ड्रायव्हर-गार्ड बदलायला गाड्या थांबतात, हमाल मिळतात. जळगावचा माणूस म्हणेल माझ्या दारात जंक्शन असताना मी उलटा तिकडे कशाला जाऊ, तर जळगावला बऱ्याच गाड्या टेकल्या न टेकल्या की निघतात, आणि भुसावळ पंचवीसेक किलोमीटर तर आहे, सायकल आहेच ना हातात, पहाटे हायवेला ट्रक कमी असताना चालवत निघा आणि पार्सल ऑफिसच्या दारात उतरा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांची लाइन वेगळी, ती उधना-जळगाव ताप्ती लाइन, पश्चिम रेल्वेची, त्यामुळे नंदुरबारला बुकिंगची चौकशी करायची ती पश्चिम रेल्वेच्या ऑफिसात. भुसावळहून खानदेश एक्स्प्रेसने जाणार असाल तर ती तिथूनच सुटते, म्हणजे चढवायला निवांत वेळ. धुळ्याचं म्हणाल तर चाळीसगाव-धुळे हा फाटा जेमतेम ५६ किलोमीटरचा, त्यासाठी सायकल बांधत बसण्यात काही राम नाही, चालवूनच टाका.

आता लगेज आणि पार्सल यातला फरक नीट समजून घ्या कारण सगळी गोची इथेच होते. तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट आहे आणि सायकल तुमच्यासोबत त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून जाणार, हे लगेज. तिकीट नाही, नुसती सायकल पाठवायची, हे पार्सल, आणि पार्सल कोणत्या गाडीने जाईल, कधी पोचेल हे तुमच्या हातात नसतं. तुम्ही सकाळी नाशिकला उतरून सायकलची वाट बघत बसाल आणि ती अजून भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभी असेल असंही होऊ शकतं. खिडकीवरचा माणूस बऱ्याचदा सवयीने पार्सलचाच फॉर्म पुढे करतो, तेव्हा तिकीट दाखवून स्पष्ट सांगायचं की साहेब, याच गाडीने लगेज बुक करायचंय. चिडून नाही, गोडीत सांगा, त्यांचं डोकं आधीच केळी आणि कापडाच्या गाठींनी उठलेलं असतं.

फुकट जाईल हा समज मात्र काढून टाका. स्लीपरला ४० किलो, थर्ड एसीला ४० किलो, जनरलला ३५ किलो सामान फुकट नेता येतं हे खरं, पण त्या सवलतीत सायकल आणि स्कूटर धरत नाहीत. पैसे वजनावर आणि अंतरावर लागतात, कमीत कमी आकार ३० रुपये. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी सामान ऑफिसात हजर पाहिजे असा नियम आहे, पण अर्ध्या तासाच्या भरवशावर राहू नका, दीड-दोन तास आधी जा, कारण वजन, फॉर्म, पावती, मग त्यावर मार्का, मग हमाल शोधणं आणि मधेच जेवणाची सुट्टी.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. गाडीच्या पुढे-मागे जो लगेजचा डबा असतो, एसएलआर म्हणतात त्याला, त्यातली जागा बऱ्याच गाड्यांमध्ये खासगी ठेकेदाराला लीजवर दिलेली असते. म्हणजे डबा डोळ्यासमोर अर्धा रिकामा दिसतोय तरी रेल्वे म्हणते जागा नाही. त्यामुळे तिकीट काढायच्या आधीच एकदा पार्सल ऑफिसात चक्कर मारून विचारा की या गाडीला लगेज घेता का, कोणत्या बाजूच्या डब्यात घेता. उत्तर हो आलं की मग तिकीट काढा, उलटं करू नका.

सायकल प्रवाशांच्या डब्यात सोबत नेता येईल का? नियम असा की पेटी-बॅग १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर ती ब्रेकव्हॅनमध्येच जायला पाहिजे. दुकानातून सायकल ज्या खोक्यात येते तो खोका यात अजिबात बसत नाही. दोन्ही चाकं काढून बॅगेत भरली तरी बहुतेक सायकली लांबीत नाहीतर जाडीत बाहेर जातात. फोल्डिंग सायकल बॅगेत घालून सीटखाली सरकवणारे आहेत आणि सहसा कुणी काही बोलत नाही, पण टीसीने अडवलं तर बुक न केलेल्या सामानाला सहापटीपर्यंत आकार लावता येतो हे डोक्यात ठेवा. आणि दिवाळीत, लग्नसराईत, उन्हाळ्याच्या सुट्टीत जनरल डब्यात सायकल घुसवायचा विचारही करू नका. नियम राहू द्या बाजूला, तिथे माणसं एका पायावर उभी असतात.

आता बांधणी, यावर वेळ घालवा. पहिलं पेडल काढा, नाहीतर ते शेजारच्या पोत्यात घुसतं आणि हमाल शिव्या घालतो. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात त्यामुळे भलतीकडे जोर लावून आटे खराब करणारे पुष्कळ आहेत, सोपी खूण अशी की पाना पेडलवर उभा, वरच्या दिशेने लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंना असंच केलं की पेडल सुटतं. मग हँडल ढिलं करून फ्रेमला समांतर वळवा, सीट पूर्ण खाली घाला. गिअरची सायकल असेल तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, दोन-तीन घड्या घातलेल्या पुठ्ठ्यात गुंडाळा, जमत असेल तर बोल्ट काढून फ्रेमच्या आत वळवून बांधा, कारण वाकतो तो पहिला हाच. डिस्क ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा घाला, चुकून कुणी ब्रेक दाबला तर पॅड चिकटून बसतात आणि हायड्रॉलिक असेल तर मग मेकॅनिकच गाठावा लागतो. चाक काढलेल्या फोर्कच्या दोन पायांमधेही लाकडाचा तुकडा अडकवा, वरून वजन पडलं की पाय आत दबतात.

गुंडाळायला महागडं काही नको. सायकलच्या दुकानदाराकडे जुने खोके आणि फोमच्या नळ्या पडलेल्या असतात, ओळख असेल तर तसेच देतो. सावदा-रावेरकडचे असाल तर केळीच्या पॅकहाऊसमध्ये फण्यांच्या मधे घालायच्या फोमच्या शीट असतात त्या बघा, पातळ आहेत पण चार पदर केले की फ्रेमला ओरखडा येत नाही. वरून गोणपाट, आणि मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर गोणपाट शिवून देणारे बसलेले असतात, भाव आधी ठरवून घ्या. टायरमधली हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका, पूर्ण काढली तर वजन सरळ रिमवर येतं. गोणपाटावर दोन्ही बाजूंना मार्करने तुमचं नाव, मोबाइल, कुठून-कुठे आणि गाडी नंबर, मोठ्या अक्षरात. लाइट, मीटर, पंप, पाण्याची बाटली, सीटखालची पिशवी हे सगळं काढून स्वतःच्या बॅगेत. सुटे स्क्रू-नट एका छोट्या पिशवीत टाकून तीही जवळच ठेवा, सायकलला बांधू नका.

बांधण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, फ्रेम नंबरचा पण. आता हे वाचा नीट, सामान हरवलं-तुटलं तर रेल्वेची जबाबदारी लगेजला किलोमागे १०० रुपयांपर्यंतच असते, जर तुम्ही किंमत आधी जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नसेल तर. म्हणजे १५ किलोची सायकल असेल, मग ती तुम्ही पन्नास हजाराला घेतलेली का असेना, हिशोब १५०० रुपयांवर येऊन थांबतो. साधी घोडा सायकल असेल तर चालतं, महागडी असेल तर बुक करतानाच किंमत लिहून जादा पैसे भरा आणि पावतीवर ती आली का बघा. सायकलचं बिल मोबाइलमध्ये असू द्या.

गाडी आली की आपल्या सीटकडे पळायचं नाही, आधी ब्रेकव्हॅनपाशी उभं राहून सायकल चढताना डोळ्यांनी बघायची, वर पोती येणार नाहीत अशी कडेला उभी ठेवायला सांगायचं, मग सीट. उतरताना पण तसंच, म्हणून सीट शक्यतो ब्रेकव्हॅनच्या बाजूच्या डब्यात मिळाली तर बरं. एकटे असाल तर शेजारच्याला सांगून ठेवा. पोचल्यावर पावती दाखवून लगेच ताब्यात घ्या, वेळेत नाही उचलली तर वेगळा आकार लागतो.

एसटीचं गणित वेगळं. जुन्या लाल गाड्यांना टपावर कॅरिअर आणि मागे शिडी असायची, सायकल काय बकरीसुद्धा वर जायची. आता बऱ्याच गाड्यांना वर काहीच नाही, त्यामुळे गाडी बघूनच ठरवावं लागतं. शिवशाहीला खाली डिक्की आहे पण ती प्रवाशांच्या बॅगांनी भरते. विचारायचं कंडक्टरला, ड्रायव्हरला नाही, लगेजचं तिकीट तोच फाडणार. जिथून गाडी सुटते त्या डेपोतून चढा, मधल्या थांब्यावर सायकल घेऊन उभं राहिलात तर गाडी हळू पण होणार नाही. वेळ दुपारची घ्या. सकाळी कॉलेजची पोरं, संध्याकाळी नोकरीवाले, त्यात २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या भरूनच जातात, चांगलंच आहे ते, पण आपल्याला जागा उरत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी तर नादच सोडा. पुढचं चाक काढून मागच्या सीटमागे किंवा दाराच्या बाजूला उभी मावेल असं म्हणालात तर कंडक्टरचा विचार बदलतो, अख्खी सायकल बघितली की तो लांबूनच मान हलवतो. कॅरिअरवाली गाडी मिळाली तर ट्यूबच्या जुन्या पट्ट्यांनी बांधा, नायलॉनची दोरी हादऱ्याने ढिली होते. आणि लगेजचं तिकीट मागून घ्या, मधे चेकिंग आलं की कंडक्टरलाही त्रास नको आणि तुम्हालाही.

रात्रीच्या खासगी ट्रॅव्हल्सची डिक्की मोठी असते आणि जळगाव-पुणे, धुळे-पुणे अशा प्रवासाला मला वैयक्तिक हाच मार्ग सगळ्यात कमी डोकेदुखीचा वाटतो. फक्त ऑनलाइन तिकीट काढून थेट सायकल घेऊन उभं राहायचं नाही, आधी ऑफिसला फोन करून सायकल आहे सांगायचं आणि लगेजचे पैसे तेव्हाच ठरवायचे, रात्री दहाला रस्त्यावर भाव वाढतो. डिक्कीत सायकल आडवी पडते, तेव्हा गिअर-चेनची बाजू वर राहील अशी स्वतः ठेवा, क्लीनरवर सोडू नका. आणि ती सगळ्यात शेवटी ठेवा म्हणजे वर काही येणार नाही, अर्थात तुम्ही मधेच उतरणार असाल तरी तेच सोयीचं.

जायचं कुठे म्हणाल तर तोरणमाळसाठी नंदुरबारला उतरा, शहाद्यापर्यंत चालवा आणि पुढचा घाट दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी. पाटणादेवी आणि कन्नडच्या घाटासाठी चाळीसगाव. पालसाठी रावेर, पण एवढ्या छोट्या स्टेशनला लगेज उतरवतील का हे आधी विचारा, नाहीतर भुसावळलाच उतरून पुढे चालवा. अजिंठ्याला जळगावहून साठेक किलोमीटर, गाडीची गरजच नाही. सायकल घेऊन एसटीतून उतरलात की गावातला एखादा आजोबा विचारणारच, "सायकल लिसन कथा चालना भो?" (सायकल घेऊन कुठे चाललास भाऊ?), खरं उत्तर द्या, पुढे पाणी आणि सावली कुठे मिळेल हे त्यांना जास्त माहीत असतं. मे महिन्यात मात्र जाऊ नका, आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो.

परतीचं बुकिंग जाताना होत नाही, ते तिकडच्या स्टेशनलाच नव्याने करावं लागतं, तेव्हा परतीची गाडीही मोठ्या स्टेशनवरूनच धरा. गोणपाट, पुठ्ठे आणि सुतळी फेकून देऊ नका, घडी करून कॅरिअरला बांधा, परत येताना तेच लागणार आहे आणि छोट्या स्टेशनबाहेर शिवून देणारा कुणी बसलेला नसतो.