पुढचा दात बसवायला जाण्याआधी

इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताचा, विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: टायटॅनियम, म्हणजे करडा धातू, की झिरकोनिया, म्हणजे पांढरं सिरॅमिक? मागोमाग पुरावाही येतो, “आमच्या मेव्हणीनं बसवला की, आता हिरडी काळी दिसालीय बगा.” प्रश्न रास्तच आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न म्हणजे तुमची हिरडी किती जाड आहे. ते कळायच्या आत मटेरियल ठरवणं म्हणजे माप न देता ब्लाऊज शिवायला टाकणं. म्हणून तयारी हिरडीपासून करा.

आधी घरी आरशासमोर उभं राहून मोकळं हसा. फोटोपुरतं नको, अगदी खदाखदा. वरचा ओठ कुठवर जातो आणि दातांवरची हिरडी दिसते का, ते बघा. दाढ बसवायची असेल किंवा हसतानाही ओठ हिरडी झाकून ठेवत असेल, तर रंगाची काळजी जवळपास मिटली. साधं टायटॅनियम घ्या, रंगासाठी जादा पैसे घालू नका. पुढचा वरचा दात असेल आणि हसताना हिरडी दिसत असेल, तर मात्र पुढचं नीट वाचा.

त्याच बैठकीत ओठ वर धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. आपल्याकडे सगळ्यांच्याच हिरड्या गुलाबी नसतात. तपकिरी पट्टे जन्मजात असतात, बिडी-सिगारेटनं ते आणखी गडद होतात. जुन्या चांदीच्या फिलिंगचा कण हिरडीत राहिला तर निळसर करडा ठिपका पडतो. उद्या यातलं काहीही इम्प्लांटच्या नावावर खपू शकतं. आधीचा फोटो असला की वाद राहत नाही.

दवाखान्यात गेलात की हिरडीची जाडी मोजून द्यायला सांगा. एक ढोबळ पद्धत अशी: शेजारच्या दाताच्या कडेनं हिरडीच्या खाचेत प्रोब, म्हणजे बारीक धातूची सळई, सरकवतात. हिरडीतून प्रोबचा करडेपणा दिसला तर हिरडी पातळ. नेमकं माप हवं असेल तर जागा बधिर करून रूट कॅनॉलची सुईसारखी फाइल टोचतात, तिच्यावरची रबरी चकती हिरडीला टेकवतात आणि बाहेर काढून पट्टीवर मोजतात. मिनिटाभराचं काम.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? हाडात स्क्रू, त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग, म्हणजे अबटमेंट, आणि वर कॅप, अशी रचना असते. पातळ हिरडीतून उजेड आत जातो आणि गडद धातूवर पडला की परत कमी येतो, म्हणून वरून हिरडी करडी, मळकट दिसते. हिरडी आतून काळी पडलेली नसते. झ्युरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये डुकराच्या जबड्यावर वेगवेगळ्या जाडीच्या हिरडीखाली हे साहित्य ठेवून रंग मोजला. टायटॅनियमनं सगळ्यात जास्त फरक पडला. २ मिमी जाडीखाली झिरकोनियाचा फरक डोळ्याला कळेनासा झाला आणि ३ मिमीला कुठलंही मटेरियल ओळखू येईना. म्हणजे हिरडी भरपूर जाड असेल तर झिरकोनियाच्या हट्टाला अर्थ उरत नाही.

पातळ असेल तर डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला. एक, स्क्रू टायटॅनियमचाच ठेवून फक्त अबटमेंट झिरकोनियाचं घेता येतं. पण ते आतल्या जोडापर्यंत अख्खं झिरकोनियाचं आहे की खाली टायटॅनियमचा बेस आहे, हे विचारा. झिरकोनिया टायटॅनियमपेक्षा कठीण, ते थेट स्क्रूच्या जोडात बसलं की धातू झिजवू शकतं, शिवाय बारीक ठिकाणी तडकण्याची भीती असते. माझं मत बेसवाल्याच्या बाजूनं. दोन, टायटॅनियमलाच सोनेरी किंवा गुलाबी झाक आणता येते. त्यात रंग लावत नाहीत, विजेच्या दाबानं वरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलतात. तीन, टाळूतून ऊतीचा तुकडा घेऊन हिरडीच जाड करता येते. टाळू काही दिवस दुखते, हे खरं. तरीही अगदी पातळ हिरडीला मला हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण नुसतं मटेरियल बदलून पातळ हिरडी जाड होत नाही.

सीबीसीटी स्कॅनशिवाय, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेशिवाय, पुढच्या दाताला होकार देऊ नका. ओठाच्या बाजूचं हाड पातळ असेल किंवा स्क्रू पुढे कलून बसला, तर हिरडी वर सरकते आणि मग कुठलंही मटेरियल लाज राखत नाही. स्क्रूच्या पुढे साधारण २ मिमी हाड राहील का, एवढं स्कॅनवर बोट ठेवून विचारा. पक्क्या कॅपआधी तात्पुरती कॅप देणार का, हेही विचारा. हिरडीला आकार तीच देते.

मिश्री, मावा, बिडी ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून बंद हवी, “त्या दिवशी नाही लावली” एवढ्यानं भागत नाही. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट न्या. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका.

तारीख मागे मोजून ठरवा. हाडानं स्क्रू धरायला साधारण ३ ते ६ महिने, हिरडी जाड करायची असेल तर आणखी, त्यावर तात्पुरत्या कॅपचा काळ. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला नवा दात मिरवायचा असेल तर आधीच्या उन्हाळ्यातच खुर्चीत बसा. टाके असेपर्यंत कडक भाकरी नको, आणि शेंगाची चटणी तर अजिबात नको. तिचा रवाळ कूट टाक्यांत जाऊन बसतो आणि चूळ भरून निघत नाही. भाकरी ताजी, मऊ, आमटीत कुस्करून, तीही कोमट.

अंदाजपत्रक लिहून घ्या आणि त्यात अबटमेंटचं मटेरियल वेगळ्या ओळीत असू द्या. बऱ्याच बिलांत फक्त “झिरकोनिया” लिहिलेलं असतं आणि ते निव्वळ कॅपबद्दल असतं. स्क्रूच्या डबीवरचं कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी जोड सैल झाला आणि तुम्ही पुण्यात असाल, तर तिथल्या डॉक्टरांना कुठला पाना लागेल ते त्या स्टिकरवरून कळेल.