गळक्या गच्चीसाठी पी-टू-पी कर्ज घेताना

सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. म्हणून गच्चीचं काम मे महिन्यात उरकायचं, आणि पैशाची तजवीज मार्चपासूनच करायची. पी-टू-पी कर्ज एखादी बँक देत नाही. ॲपवर तुमची मागणी पाहून अनेक अनोळखी लोक थोडे थोडे पैसे घालतात. रक्कम कधी पुरी होईल याचा भरवसा नसतो.

किती कर्ज लागेल, हे आधी गच्चीला विचारा. खालून स्लॅबला हातोडीनं हलकेच ठोका. बद्द आवाज आला किंवा गंजाचे तांबूस डाग दिसले तर आतलं लोखंड खराब झालंय. वरून नुसतं केमिकल मारून भागणार नाही, आणि अशा स्लॅबवर पाणी साठवायचंही नाही. स्लॅब ठणठणीत असेल तर पन्हाळीचं तोंड बंद करून दोन बोटं पाणी चोवीस तास ठेवा आणि ओल कुठून उतरते ते खालून पाहा. बऱ्याचदा दोष गच्चीच्या मधोमध नसतोच. पॅरापेट (कठडा) आणि स्लॅब मिळतात तिथला वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर सांधा, तडकलेला असतो, नाहीतर पन्हाळीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट सुटलेलं असतं. इथल्या उन्हात कोबा दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि सांधा तिथंच उघडतो. दोन मिस्त्रींकडून चौरस फुटाच्या हिशोबानं, माल आणि मजुरी वेगळी दाखवून, लेखी अंदाज घ्या. ॲपवर कर्जाचं कारण लिहितानाही नुसतं ‘घरदुरुस्ती’ लिहू नका. ‘६०० चौरस फूट गच्चीचं वॉटरप्रूफिंग’ असं नेमकं लिहा.

या धंद्याला रिझर्व्ह बँकेचे २०१७ पासून नियम आहेत. सगळे पी-टू-पी ॲप मिळून एका माणसाला १० लाखांपर्यंतच कर्ज मिळतं. एक सावकार एका कर्जदाराला ५० हजारांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणजे १ लाख २० हजारांसाठी किमान तीन जण लागतातच. मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. तारण नसतं, म्हणून व्याज सहसा गृहकर्जापेक्षा बरंच चढं.

१ लाख २० हजार, २४ महिने, घटत्या शिलकेवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच) १८ टक्के धरले तर हप्ता साधारण ५,९९१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २३,८०० होतं. २४ टक्क्यांना हप्ता ६,३४५ आणि व्याज ३२ हजारांवर जातं. ‘फ्लॅट’ (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) १८ टक्के म्हणाले तर व्याज थेट ४३,२००! म्हणून दर घटत्या शिलकेवर आहे ना, हे लेखी घ्या. प्रोसेसिंग फी बहुधा आधीच कापली जाते. ती ४ टक्के आणि वर १८ टक्के जीएसटी असेल तर हातात १,१४,३३६ रुपयेच पडतात, आणि नेमके वॉटरप्रूफिंगच्या शेवटच्या थराचे पैसे कमी पडतात. मागणी टाकताना ही कपात धरूनच रक्कम ठरवा.

कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या एनबीएफसी-पी-टू-पी (बँक नसलेल्या, पी-टू-पी कर्ज जुळवणाऱ्या कंपन्यांच्या) यादीत शोधा. नियमाप्रमाणे पैसे एस्क्रो खात्यातूनच (तिसऱ्या विश्वस्ताच्या ताब्यातल्या खात्यातून) येतात-जातात, रोखीनं कधीच नाही. ‘कर्ज मंजूर झालंय, आधी फी यूपीआयनं पाठवा’ असा फोन आला की तो व्यवहार तिथंच सोडा.

हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. आठवड्याला पगार होणाऱ्यांनी दर आठवड्याला हप्त्याचा चौथा हिस्सा त्याच खात्यात भरत राहावं. हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो आणि सिबिल स्कोअरही घसरतो, कारण या कंपन्यांना क्रेडिट ब्युरोंना (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना) माहिती द्यावीच लागते. तारण ठेवायला सोनं असेल, किंवा पतसंस्थेत वा बचत गटात तुमची पत असेल, तर आधी तिथला दर विचारा. तो बहुधा कमी निघतो.

मिस्त्री मधेच काम टाकून गेला तरी हप्ते चालूच राहतात. त्यामुळे त्याला सगळी रक्कम एकदम देऊ नका: सुरुवातीला मालापुरते पैसे, काही पैसे कोबा झाल्यावर, आणि शेवटचा पाचवा हिस्सा पुन्हा चोवीस तास पाणी साठवून खालची बाजू कोरडी राहिल्यावरच.