गारपिटीच्या ढगावर विमानानं फवारणी कशी करतात
भाऊ, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गार पडली की तोडणीला आलेला मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलून आलेलं संत्र्याचं पीक, खाली, झाडावर राहिलेल्या संत्र्यालाही डाग पडून सड लागते, म्हणून हे नीट समजून घ्या. आधी रडारवर वाढता ढग पकडायचा. मग विमान ढगाच्या बुडाखाली, गरम हवा वर चढते तिथं न्यायचं अन् पंखाखालच्या सिल्व्हर आयोडाइडच्या (ढगातलं पाणी गोठवायला मदत करणारं रसायन) नळ्या पेटवायच्या. धूर वर जातो, शून्याखालीही न गोठलेल्या पाण्याचे असंख्य बारीक कण गोठतात अन् मोठ्या गारेला पाणी कमी पडतं, असा हिशोब. टायमिंग महत्त्वाचं, ढग वाढतानाच जायचं. कॅनडातल्या अल्बर्टात १९९६ पासून करतात, पण गार हमखास थांबते असं नाही. चक्रीवादळावर अमेरिकेनं १९६२ ते १९८३ असाच प्रयोग केला अन् सोडून दिला.